एक रुपया आणि सोडा ब्रेड

“तू? मराठीत? लेख?”

मराठी विभागाची संपादिका माझी रूममेटच आहे, त्यामुळे हे तीन प्रश्न तिने काहीही आडपडदा न ठेवता विचारले. तिची चूक नाही. फर्स्ट इयरला हॉस्टेलवर आले तेव्हा ‘एकोणऐंशी’ म्हणजे नक्की किती, हे मला मनात इंग्लिशमध्ये मोजून बघावं लागायचं. ‘कॉन्व्हेंटवाली’ हे नाव पहिल्याच आठवड्यात पडलं, ते आता थर्ड इयरपर्यंत टिकलंय. त्यात लेखाचा विषय सांगितला तेव्हा तर अख्खी विंग हसली.

विषय आहे ब्रेड. मेसचा नव्हे! (त्यावर लिहायचं तर स्वतंत्र विशेषांक काढावा लागेल.) हा ब्रेड आयर्लंडचा. नाव सोडा ब्रेड. यात यीस्ट नाही, साखर नाही, अंडं नाही. पीठ, मीठ, खाण्याचा सोडा आणि ताक. संपली यादी!

हा ब्रेड मी पहिल्यांदा खाल्ला पाचवीत असताना, आणि त्या दिवशी मला एक रुपया दंड झाला.

आमच्या शाळेत मराठी बोललं की दंड असायचा. शाळेचं नाव सांगत नाही, कारण शाळेने मला पुष्कळ काही दिलं आहे, आणि तो नियम एकट्या आमच्याच शाळेत होता असंही नाही. मॉनिटरच्या बाकावर बिस्किटाचा रिकामा डबा असायचा, झाकणाला फट पाडलेला. एक शब्द, एक रुपया. ‘अय्या’ हा शब्द धरायचा की नुसता आवाज, यावर वर्गात मोठमोठे वाद व्हायचे.

शाळेच्या आवारातच सिस्टरांचं घर होतं. तिथे एक म्हाताऱ्या आयरिश सिस्टर राहायच्या. वय ऐंशीच्या पुढे. शिकवणं केव्हाच थांबलं होतं, लायब्ररीत पुस्तकांना कव्हरं घालत बसलेल्या असायच्या. आयर्लंडमधून सिस्टर भारतात येण्याची परंपरा तशी खूप जुनी. लोरेटोच्या सिस्टर १८४१ च्या अखेरीस कलकत्त्याला आल्या, प्रेझेंटेशनच्या १८४२ मध्ये मद्रासला. आमच्या सिस्टर त्या लांबलचक रांगेतल्या अगदी शेवटच्यांपैकी असाव्यात. स्वयंपाकघरातल्या मावशींशी त्या मोडक्यातोडक्या मराठीत बोलायच्या. त्यांना कोण दंड करणार!

दर वर्षी १७ मार्चला, म्हणजे सेंट पॅट्रिकच्या दिवशी, त्या स्वतःच्या हाताने ब्रेड भाजायच्या आणि लायब्ररीत मदत करणाऱ्या चार-पाच मुलींना बोलवायच्या. पाचवीत माझा नंबर लागला. टेबलावर स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला एक गोल, ओबडधोबड गोळा होता. वर पीठ भुरभुरलेलं आणि मधोमध खोल फुली कापलेली. मला राहवलं नाही. फडकं बाजूला करून हात लावला आणि ओरडले, “चटका!”

मॉनिटर शेजारीच उभी होती. “वन रुपी!”

माझ्याकडे रुपया नव्हता. सिस्टर काही न बोलता उठल्या, ड्रॉवरमधून एक नाणं काढून तिच्या हातावर ठेवलं आणि मला म्हणाल्या, “आता याचा अर्थ मला सांग.” चटका म्हणजे काय ते मी इंग्लिशमध्ये सांगितलं. मग त्यांनी आम्हाला बसवून त्यांच्या पणजीची गोष्ट सांगितली.

सिस्टरांचं गाव आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर होतं. तिथली मूळ भाषा आयरिश. इंग्लिशपेक्षा ती बरीच वेगळी. ब्रेडला त्या भाषेत ‘अरान’ म्हणतात. १८३१ पासून तिथे सरकारी शाळा निघाल्या, पण शिकवणं सगळं इंग्लिशमधून. मुलांच्या गळ्यात दोरीने एक काठी बांधायचे. मूल आयरिश शब्द बोललं की काठीवर एक खाच. संध्याकाळी खाचा मोजायच्या आणि तेवढा मार द्यायचा. सिस्टरांच्या पणजीच्या गळ्यात अशी काठी होती.

“आणि त्यांचे आईबाबा काहीच बोलायचे नाहीत?” मी विचारलं.

सिस्टर म्हणाल्या, “खाचा घरी आईबाबाच पाडायचे.”

हे मला तेव्हा अजिबात कळलं नाही. आईबाबा असं का करतील? पुढे मोठी झाल्यावर वाचलं तेव्हा थोडं थोडं कळायला लागलं. १८४५ ला आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला. गरिबांचं सगळं जेवण त्या एका पिकावर होतं. १८४९ पर्यंतच्या दुष्काळात अंदाजे दहा लाख माणसं मेली आणि दहा लाखांहून जास्त देश सोडून जहाजाने निघून गेली. सगळ्यात जास्त हाल पश्चिमेकडच्या, आयरिश बोलणाऱ्या गरीब लोकांचे झाले. अमेरिकेला किंवा इंग्लंडला जाऊन जगायचं तर इंग्लिश पाहिजे. मग आईबाप मुलांना घरातही आयरिश बोलू देईनात. आज आयरिश ही त्या देशाची घटनेतली पहिली राजभाषा आहे, आणि तरी २०२२ च्या जनगणनेत शाळेबाहेर रोज ती बोलणारे फक्त ७२ हजारांच्या आसपास भरले. आमच्या घरी आईबाबा मला “स्पीक इन इंग्लिश, बेटा” म्हणायचे ते का, हे मला सिस्टरांच्या पणजीमुळे समजलं. त्यांना माझं भलंच करायचं होतं.

सोडा ब्रेडची गोष्टही याच गरिबीची आहे. आयर्लंडची हवा थंड आणि ओली. तिथे होतो तो गहू मऊ, त्यात ग्लुटेन कमी. यीस्टचा ब्रेड फुगायला ग्लुटेनची जाळी लागते, ती या पिठात नीट तयारच होत नाही. खेड्यातल्या झोपडीत भट्टीही नसायची. पण गाय असलेल्या घरात लोणी काढल्यावर उरलेलं आंबट ताक मात्र असायचं. एकोणिसाव्या शतकात खाण्याचा सोडा स्वस्तात मिळायला लागला आणि कोडं सुटलं. ताकातलं लॅक्टिक आम्ल आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि ब्रेड यीस्टशिवाय फुगतो. १८३६ मध्ये तर याची कृती छापूनही आलेली आहे. वरची फुली कशासाठी, असं विचारलं तर तिकडचे जुने लोक म्हणायचे, आतल्या पऱ्या बाहेर जाव्यात म्हणून! मेकॅनिकलवाल्यांचं उत्तर असं की, फुलीमुळे उष्णता मधल्या कच्च्या भागापर्यंत पोहोचते आणि ब्रेड वेडावाकडा फाटत नाही. दोन्ही उत्तरं लिहिली तर बहुतेक पूर्ण मार्क मिळतील.

आता जे सांगायचं आहे ते जरा अवघड आहे.

सिस्टरांनी ती गोष्ट सांगितली मी पाचवीत असताना. सहावीत शाळेत ‘ग्रँडपेरेंट्स डे’ होता. तेव्हाच माझी आजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून आमच्याकडे आली होती. आमचं गाव सिंधुदुर्गात, मालवण तालुक्यात. आजी शाळेत कधी गेलेली नाही आणि ती फक्त मालवणी बोलते. बाबा तिच्याशी मालवणी बोलतात, आईशी मराठी आणि माझ्याशी इंग्लिश. शाळेची सूचना घरी आली होती. आजीने ट्रंकेतलं ठेवणीतलं लुगडं काढून उन्हात टाकलं. आणि माझ्या पोटात गोळा आला. ती स्टेजवर जाऊन ‘काय गो चेडवा’ म्हणाली तर? मुली हसल्या तर?

मी घरी सांगितलं की कार्यक्रम कॅन्सल झाला.

एवढंच. कुणी काही विचारलं नाही. लुगडं परत ट्रंकेत गेलं. म्हणजे पणजीच्या काठीची गोष्ट ऐकून, डोळे पुसून, मी एका वर्षात स्वतःच्या आजीच्या बाबतीत हे केलं. ही गोष्ट मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेली नव्हती. रूममेटलाही नाही. आता ती प्रूफ तपासताना वाचेल.

सेकंड इयरला असताना शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला की सिस्टर गेल्या. मी त्यांना शाळा सोडल्यानंतर एकदाही भेटले नव्हते. ‘सुट्टीत जाऊ’ म्हणत चार वर्षं निघून गेली. वाईट वाटलं, आणि का कोण जाणे, त्या ब्रेडची आठवण आली. ठरवलं, आपण करायचा.

सुट्टीत घरी छोट्या ओव्हनमध्ये पहिला प्रयोग केला. प्रमाण साधं आहे. ४५० ग्रॅम पीठ, १ चमचा सोडा, १ चमचा मीठ, ३५० ते ४०० मिलिलिटर ताक. आईने जेवणासाठी केलेलं ताक घेतलं, कणीक घेतली, आणि पोळीची कणीक मळतात तशी दहा मिनिटं दणकून मळली. मग मैत्रिणीचा फोन आला. अर्ध्या तासाने गोळा ओव्हनमध्ये गेला.

जे बाहेर आलं ते भिंत बांधायला चाललं असतं! आत पिवळट डाग, आणि चव... कपडे धुण्याच्या पाण्याची! बाबा म्हणाले, “छान आहे, पण कशाशी खायचा?” माझ्या भावाने त्याने अक्रोड फोडून दाखवला.

मी चिडून केमिस्ट्रीचं पुस्तक काढलं. (फर्स्ट सेमला केमिस्ट्रीत माझी के.टी. लागली होती, हे सरांना आठवत असेलच.) एक चमचा म्हणजे साधारण ५ ग्रॅम सोडा. त्याचा रेणुभार ८४, लॅक्टिक आम्लाचा ९०. म्हणजे सगळा सोडा वापरला जायला ५ ग्रॅमहून थोडं जास्तच आम्ल पाहिजे. तसं झालं तर जवळजवळ दीड लिटर वायू सुटेल. पण आपण जेवताना पितो ते ताक म्हणजे निम्मं-अर्धं पाणीच. आयर्लंडचं ताक लोणी काढून उरलेलं, दाट आणि पाणी न घातलेलं. माझ्या पातळ ताकात आम्ल पुरलं नाही, सोडा तसाच उरला, आणि ओव्हनच्या उष्णतेने त्याचा सोडियम कार्बोनेट झाला. सोडियम कार्बोनेट म्हणजे काय? धुण्याचा सोडा! म्हणजे चव अगदी बरोबर ओळखली होती.

दुसरी चूक मळण्याची. मळलं की ग्लुटेन ताणलं जातं आणि ब्रेड चिवट होतो. तिसरी चूक फोनची. ताक पडल्या क्षणी वायू सुटायला लागतो, तो आपल्या गप्पा संपेपर्यंत थांबत नाही. मग आठवलं, सिस्टर त्या दिवशी आम्हाला म्हणाल्या होत्या की हा ब्रेड करताना हात हलका हवा आणि उशीर अजिबात नको.

दुसरा प्रयोग झाला यंदाच्या गणपतीत, गावाला. पाच दिवसांच्या गणपतीचं विसर्जन झालं होतं आणि पाहुणे गेले होते. बाहेर धो धो पाऊस. मी शहाण्यासारखा ओव्हन गाडीत घालून नेला होता. प्लग लावला आणि लाईट गेली. गावातली लाईट पावसात गेली की कधी येईल ते कुणीच सांगत नाही. मी ओव्हनसमोर कपाळाला हात लावून बसलेली बघून आजी आली.

“काय गो ह्या?”

मी माझ्या मोडक्या मालवणीत सांगायला लागले. ब्रेड करायचाय, वरून-खालून शेक पाहिजे, लाईट नाही.

आजी म्हणाली, “मगे धोंडस कसा करतंव आमी?”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. धोंडस म्हणजे कोकणातला काकडीचा केक. मोठी तवशी किसून, तांदळाचा रवा आणि गूळ घालून जाड भांड्यात ठेवतात. खाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे. मी लहानपणापासून दर गणपतीत खाल्लाय, पण तो कसा भाजतात हे कधी बघितलंच नव्हतं.

आणि मला एकदम आठवलं! आयर्लंडच्या झोपडीत भट्टी नव्हती, मग ब्रेड भाजायचे कशात? ‘बॅस्टिबल’ नावाचं एक बिडाचं भांडं असतं. ते चुलीवर टांगायचं, आत गोळा ठेवायचा आणि झाकणावर जळते निखारे रचायचे. तिकडे निखारे टर्फचे, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीचे, आणि आमच्याकडे करवंट्यांचे. एवढाच काय तो फरक. थर्ड इयरला हीट ट्रान्सफर शिकताना कंडक्शन आणि रेडिएशनच्या आकृत्या मी दहा वेळा काढल्यात. आजीने एकही आकृती न काढता सांगितलं, “सकल इस्तो कमी ठेव, वयर जास्ती.” म्हणजे खाली विस्तव कमी, वर जास्त. नाहीतर बूड करपतं आणि वरून कच्चं राहतं.

ताकाचाही प्रश्न सुटला. शेजारच्या काकूंकडे म्हैस आहे. लोणी काढलेलं, दोन दिवसांचं, पाणी न घातलेलं ताक मिळालं. एवढं आंबट की एक डोळा मिटला. अर्धी कणीक, अर्धा मैदा, सोडा आणि मीठ चाळणीने दोनदा चाळलं. मधे खळगा करून ताक ओतलं. हाताची बोटं पंज्यासारखी ताठ करून गोल फिरवलं, की झालं. गोळा जेमतेम एकत्र आला आणि मी सवयीने मळायला गेले, तर हातावर आजीची चापट! “मळू नको म्हणालंस ना तूच?”

फुली कापली. भांड्यात पीठ भुरभुरवून गोळा ठेवला. झाकण आणि वर निखारे. पाऊण तास आजी तिथून हलली नाही. दर थोड्या वेळाने नाक वर करून वास घ्यायची. मी मोबाईलवर वेळ लावली होती, पण झाकण काढलं आजीच्या नाकाने. ब्रेड उलटा करून बुडावर बोटाने ठोकायचं. पोकळ, ढोलकीसारखा आवाज आला की भाजला. मी ठोकलं. आला! आजीनेही ठोकून बघितलं आणि हसली.

फडक्यात गुंडाळून थोडं थांबलो. वरून खरपूस आणि आतून ओलसर, मऊ, किंचित आंबट. त्यावर घरचं लोणी. धुण्याच्या सोड्याचा मागमूस नाही. पाचवीतल्या त्या टेबलावर होता तो हाच, असं वाटून मला तिथेच रडू आलं. आजीला वाटलं धूर गेला डोळ्यात.

मग मी सांगून टाकलं. कार्यक्रम कॅन्सल झाला नव्हता. मी खोटं बोलले. मला लाज वाटली होती.

आजी चुलीतली करवंटी पुढे सारत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “ठावक होता गो माका. शेजारची म्हातारी जाऊन इली मां.”

आमच्या बिल्डिंगमधली एक मुलगी माझ्याच शाळेत होती. तिची आजी जाऊन आली होती, आणि आल्यावर माझ्या आजीला सगळं सांगितलं होतं. म्हणजे एवढी वर्षं तिला माहीत होतं. दर गणपतीत मला पहिलं धोंडस वाढताना माहीत होतं. दहावीच्या निकालाला पेढे वाटले तेव्हाही माहीत होतं.

मी काहीतरी बोलायला लागले. ‘सॉरी’ला मालवणीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं. आजी म्हणाली, “खा आता, निवता ता.” खा, निवतंय ते.

सोडा ब्रेडचं खरंच तसं आहे. यीस्टच्या ब्रेडसारखा तो टिकत नाही, त्याच दिवशी खावा लागतो. दुसऱ्या दिवशी कडक होतो, मग भाजून लोण्याबरोबर खायचा. आमचा दुसऱ्या दिवसापर्यंत उरलाच नाही.

तर मित्रमैत्रिणींनो, कृती वर दिलेलीच आहे. ताक घट्ट आणि आंबट घ्या, मळू नका, आणि ताक ओतल्यावर फोन उचलू नका. हॉस्टेलवर मात्र कुणी करू नका! (वॉर्डन मॅडम, शेगडीची बंदी मला माहीत आहे. खोलीत आलेला तो करपट वास आमचा नव्हता.)

शेवटी थोडं संपादिकाबाईंबद्दल. पहिल्या खर्ड्यात तिने लाल पेनाने त्रेसष्ट चुका काढल्या. ‘पाणि’चं ‘पाणी’ केलं, ‘मी बोलली’चं ‘मी म्हणाले’ केलं. सगळ्या मान्य केल्या. एकाही चुकीचा रुपया घेतला नाही, हे तिचे उपकार. आजीची वाक्यंही तिने प्रमाण मराठीत करून दिली होती, वाचणाऱ्यांना कळावं म्हणून. तेवढी मात्र मी होती तशी परत लिहिली. अंक छापून आला की दिवाळीच्या सुट्टीत गावी नेणार आहे. आजीला वाचता येत नाही, तेव्हा मोठ्याने मीच वाचून दाखवणार.